आठवडा तुमच्याकडे, आठवडा त्यांच्याकडे, आणि मध्ये तासाभराचा रस्ता

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही घोळ असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. दीड वर्षापासून तुम्ही आणि तुमचे पती वेगळे राहता. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. दोघांची घरं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि मुलं एक आठवडा तुमच्याकडे, एक आठवडा त्यांच्याकडे असतात. हे तोंडी ठरलेलं आहे, कागदावर काही नाही. आता आईवडिलांच्या शेजारी, गाडीने तासाभरावर, तुम्हाला कमी भाड्याचं घर मिळतंय. पती म्हणतात, "तू खुशाल जा, मुलं इथेच राहतील." तुम्ही विचारता, "मला हवं तिथे राहायचा हक्क मला नाही का?" आणि जाताजाता एक छोटा प्रश्न: मुलीला हे आत्ताच सांगावं का?

हक्क आहे. एका प्रौढ बाईने कुठे राहावं हे वेगळं झालेल्या नवऱ्याला ठरवता येत नाही, आणि न्यायालयंही सहसा पालकाला "इथून हलू नकोस" असं सांगत नाहीत. पण तुमच्या वाक्यात दोन प्रश्नांची गाठ बसली आहे. तुम्ही कुठे राहायचं हा एक, आणि शाळेच्या आदल्या रात्री मुलांनी कुठे झोपायचं हा दुसरा. पहिला तुमचा एकटीचा आहे. दुसरा तुम्हा दोघांचा आहे, आणि काही अंशी मुलांचाही. तुम्ही दोघंही हे प्रश्न एकच असल्यासारखे बोलता, त्यामुळे तुम्हाला वाटतं तो मला अडकवून ठेवतोय आणि त्यांना वाटतं ही मुलं तोडून नेतेय. दोघांनाही मनापासून तसंच वाटतं, म्हणून वाद पुढे सरकत नाही.

मी वकील नाही. गेली सतरा वर्षं विभक्त होणाऱ्या जोडप्यांमध्ये मध्यस्थीचं काम करते, आणि त्यातला निम्मा वेळ मुलांच्या वेळापत्रकात जातो. त्यामुळे मी सांगेन ते त्या टेबलावरून दिसलेलं आहे. कायद्याबद्दलही थोडं लिहिते, पण तुम्ही कुठल्या देशात राहता ते लिहिलेलं नाही, आणि उत्तराचा तो भाग देशागणिक बदलतो.

आधी हिशेब करू. समजा, शाळा आहे तिथेच राहिली आणि आठवड्यांची वाटणी तशीच ठेवली. तुमच्या आठवड्यात मुलं रोज एक तास जाताना, एक तास येताना गाडीत बसतील. पाच दिवसांचे झाले दहा तास. शाळेचे चाळीस आठवडे धरले तर त्यातले वीस तुमचे, म्हणजे वर्षाला दोनशे तास. शाळा सहा तासांची असेल तर हे तेहतीस दिवसांच्या शाळेएवढं बसणं झालं, तेही मागच्या सीटवर. तुमची नोकरी शाळेच्या बाजूला नसेल तर तुम्हाला सोडून परत, आणायला जाऊन परत, असे रोज चार तास. भाड्यात वाचलेले पैसे इंधनात किती जातील ते तुम्हीच मांडून बघा. आजीचा हातभार मिळेल म्हणून तुम्ही जाणार आहात, आणि मुलांच्या आठवड्यात तुम्ही स्वतःच रस्त्यावर असाल.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते कारण माझ्याच हातून एकदा यात चूक झाली आहे. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. आठ वर्षांचा मुलगा, दोन्ही पालक समंजस, समान आठवड्यांवर एकमत. वडिलांनी शाळेपासून लांब घर घेतलं होतं. मी विचारलं, किती वेळ लागतो? "वीस-पंचवीस मिनिटं, रस्ता मोकळाच असतो." मी तसंच लिहून घेतलं. त्यांनी ते अंतर रविवारी दुपारी मोजलं होतं, हे मला चार महिन्यांनी कळलं, जेव्हा शाळेकडून उशिराच्या नोंदींचं पत्र आलं आणि दोघं पुन्हा माझ्यासमोर बसले.

तेव्हा दोघांच्या परवानगीने मी एका सोमवारी सकाळी त्यांच्या गाडीत बसले. आम्ही सहा पंचावन्नला निघालो. मुलाचे बूट त्याच्या मांडीवर होते, मोजे त्याने पहिल्या वळणानंतर घातले. एका मोठ्या चौकात गाडी थांबली तेव्हा काचेतून बाहेर बघतच तो म्हणाला, "आपला नंबर तिसऱ्या हिरव्याला लागेल." लागलाही. शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा सात अठ्ठेचाळीस झाले होते आणि शिपाई दार ओढत होता. उतरताना त्याच्या दप्तराचा पुढचा कप्पा उघडा राहिला. आत कंपासपेटीच्या शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला टूथब्रश होता. दोन्ही घरी ब्रश आहेत, वडील म्हणाले. मुलगा म्हणाला, "हो, पण हा माझा आहे."

त्या दिवसापासून मी एक पथ्य पाळते. कामाच्या दिवशी, शाळेच्या खऱ्या वेळेला, दोन्ही पालकांनी तो रस्ता दोनदा पार करून घड्याळ लावल्याशिवाय मी वाटणीचा कागद लिहायला घेत नाही. किलोमीटर मी विचारतच नाही. दारापासून फाटकापर्यंत किती मिनिटं, एवढंच. अर्ध्या तासाच्या आत असेल तर समान आठवडे चालतात. पाऊण तासापर्यंत ओढूनताणून चालतात, मूल जरा मोठं असेल आणि पालक सकाळी न ओरडणारा असेल तर. त्यापुढे मी समान वाटणी सुचवत नाही. हा कुठल्या कायद्यातला नियम नाही, माझा अडाखा आहे, आणि अपवादही पाहिलेत. एका घरच्या दोन मुली पन्नास मिनिटांच्या रेल्वेप्रवासात वाचत बसायच्या आणि तो वेळ त्यांना हवाहवासा वाटायचा. पण त्या तेरा आणि पंधरा वर्षांच्या होत्या, आणि दोघी सोबत होत्या.

वय इथे फार मोठी गोष्ट आहे. तुमचा पाच वर्षांचा मुलगा गाडीत झोपून जाईल आणि तुम्हाला वाटेल, जमतंय की. त्याला जड जाईल ते वेगळंच: रोज संध्याकाळी घरी पोचेपर्यंत खेळायची वेळ गेलेली असेल. मुलीचं उलट आहे. आज ती कुरकुर करणार नाही, पण दोन-तीन वर्षांत तिच्या मैत्रिणी, तिचा सराव, कुणाचा वाढदिवस, हे सगळं शाळेच्या आसपास घडणार. तेव्हा तुमचा आठवडा म्हणजे न जाता येण्याचा आठवडा, असं तिच्या डोक्यात बसू शकतं. मग बारा-तेराव्या वर्षी ती म्हणते, मी बाबांकडेच राहते. आई समजते, बाबांनी कान भरले. बऱ्याचदा कुणी काही भरलेलं नसतं, रस्ता लांब असतो एवढंच.

आत्ता तुमच्याकडे जे आहे त्याची किंमत यावरून लक्षात घ्या. चालत जाण्याच्या अंतरावर दोन घरं. वही विसरली तर दहा मिनिटांत आणता येते. वर्षा-दोन वर्षांत मुलगी एकटी एका घरून दुसऱ्या घरी जाईल, कुणी नेऊन सोडायची गरज उरणार नाही, आणि तुम्हा दोघांना दारात एकमेकांचं तोंड बघावं लागणार नाही. विभक्त पालकांना हे क्वचित मिळतं.

म्हणून "तुम्ही जाऊ नका" असं मी म्हणतेय का? नाही. तुम्ही का जाता आहात ते मी दोनदा वाचलं. एकटीने भाडं भरायचं, नोकरी सांभाळायची, आणि मुलाला ताप आला तर हाक मारायला कुणी नाही. थकलेल्या, पैशाने पिळवटलेल्या आईजवळचा आठवडा मुलांनाही सुखाचा नसतो. न्यायालयांनीही याचा विचार केलेला आहे. २००१ साली इंग्लंडमध्ये पेन विरुद्ध पेन या खटल्यात एका आईला मुलीसह न्यूझीलंडला परतायची परवानगी मिळाली. आईला अडवून ठेवलं तर तिच्या खचण्याचा परिणाम मुलीवर होईल, या मुद्द्याला तिथे बरंच वजन दिलं गेलं. पुढे २०११ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात तिथल्याच अपील न्यायालयाने स्पष्ट केलं की तो निकाल मार्गदर्शनापुरता आहे, कसोटी मुलाच्या हिताचीच. या दुसऱ्या प्रकरणात मुलांचा सांभाळ दोघांत वाटलेला होता, जसा तुमचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टासमोर, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर, २०१० साली एक प्रकरण आलं. आई सिडनीला परतू पाहत होती, पण समान वाटणीच्या हुकुमासाठी तिला माउंट आयझा या खाणीच्या गावात राहावं लागत होतं. घर म्हणजे कॅरव्हान पार्क, आणि नोकरीच्या संधी तुटपुंज्या. हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. त्यांचं म्हणणं साधं होतं: समान वेळ मुलाच्या हिताची आहे का एवढंच बघून भागत नाही, या दोन माणसांच्या खऱ्या परिस्थितीत ती अमलात येण्याजोगी आहे का हेही बघा.

कॅनडाचा कायदा तर तुमच्या प्रश्नाला अगदी चपखल लागतो. मार्च २०२१ पासून तिथे ज्या पालकाला घर लांब हलवायचं आहे त्याने साठ दिवस आधी लेखी कळवायचं, आणि दुसऱ्याला हरकत नोंदवायला तीस दिवस मिळतात. मुलांचा वेळ दोघांत जवळजवळ सारखा वाटलेला असेल, तर हे हलणं मुलांच्या हिताचं आहे हे हलणाऱ्याने पटवायचं. मूल बहुतांश एकाकडेच असेल आणि तोच हलत असेल, तर ते हिताचं नाही हे हरकत घेणाऱ्याने दाखवायचं. आणखी एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. "मुलं नेऊ दिली नाहीत तर तू एकटी जाशील का?" या प्रश्नाचा न्यायालयाने विचार करायचा नाही. हो म्हटलं तर आई निष्ठुर, नाही म्हटलं तर मग जाण्याची गरजच काय. तुमच्या पतींचं "तू खुशाल जा" याच सापळ्याचं घरगुती रूप आहे. उत्तर देऊ नका. सरळ म्हणा, "मी मुलांच्या शाळेबद्दल बोलायला आले आहे."

तुम्ही भारतात असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. पालकत्वाचा अर्ज कुठल्या न्यायालयात चालायचा हे १८९०च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याच्या कलम ९ नुसार मूल सामान्यतः कुठे राहतं यावर ठरतं, म्हणजे घर बदलण्याचा परिणाम तिथपर्यंत पोचू शकतो. संयुक्त ताब्याची शिफारस विधी आयोगाने २०१५च्या २५७व्या अहवालात केली आहे. पण कुठल्याही देशात असलात तरी आधी मुलांना घेऊन जाऊन मग कळवणं, हे करू नका. बायकांना, आणि पुरुषांनाही, "एकदा गेलं की मग कोण काय करतं" असा सल्ला देणारे खूप भेटतात. न्यायालयात त्याची किंमत मोजावी लागू शकते, आणि दुसऱ्या पालकाचा विश्वास तर जातोच. मी पाहिलेल्या अशा प्रकरणांत पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक सुट्टी भांडूनच मिळाली.

संशोधनाचं म्हणाल तर २००३ साली अमेरिकेत ब्रेव्हर, एलमन आणि फॅब्रिशियस यांनी घटस्फोटित पालकांच्या कॉलेजवयीन मुलांची तुलना केली होती, आणि त्यांची रेघही नेमकी गाडीने एक तासाच्या अंतराची होती. ज्यांच्या आईवडिलांपैकी कुणी त्याहून लांब गेलं होतं ती मुलं बऱ्याच बाबतींत मागे दिसली, मग आई मुलांना घेऊन गेलेली असो वा वडील निघून गेलेले असोत. लांब जाण्यामुळेच तसं झालं असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही, ते लेखकांनीही मान्य केलं आहे. ज्या घरांत आधीच जास्त ताण असतो तिथे माणसं जास्त लांब जातात, असंही असू शकतं. तुमचे पती हा अभ्यास तुमच्या तोंडावर फेकतील तेव्हा हे वाक्य जवळ असू द्या.

आता वाटा. माझ्या मते पहिली बघण्यासारखी वाट तुमच्या दोघांच्याही डोक्यात आलेली नाही: भाड्यातला फरक वाटून घेणं. तुम्ही शाळेजवळ राहिल्याने मुलांना वडील अर्धा वेळ मिळतात आणि वडिलांना मुलं. म्हणजे तुमच्या महाग भाड्याचा फायदा त्यांनाही होतोय, खर्च मात्र तुम्ही एकट्या उचलता. हा फरक दोन घरांचा सामायिक खर्च मानायला सांगा, शाळेच्या फीसारखाच. पहिल्यांदा ऐकताना पुरुष चिडतात. "मी तिचं घरभाडं का भरू?" भाडं नव्हे, अंतर कमी ठेवण्याचा खर्च, असं म्हटलं की विचार करतात. माझ्यासमोर तीन जोडप्यांनी हे केलं, आणि त्यांपैकी दोघांचं सात-आठ वर्षांनंतरही चालू आहे.

दुसरी वाट म्हणजे मधलं घर: आईवडिलांपासून अर्धा तास, शाळेपासूनही अर्धा तास. ऐकायला गोड, पण पुष्कळदा दोन्हीकडून लांब पडतं आणि ओळखीचं कुणीच नसतं. फार आशा ठेवू नका. त्याऐवजी तुमच्या आईला तुमच्या आठवड्यात दोन दिवस येऊन राहणं जमेल का, हे विचारा. आठवड्याआड दोन दिवस म्हणजे महिन्याला चार. माणूस हलवणं घर हलवण्यापेक्षा सोपं असतं.

तिसरी, जर जायचंच ठरलं तर: समान आठवड्यांचा हट्ट सोडून द्या. शाळेचे दिवस एका घरी, आणि दुसऱ्याकडे एकाआड एक शनिवार-रविवार, शिवाय सुट्ट्यांचा मोठा वाटा, निम्म्याहून जास्त. इथे खरा प्रश्न उभा राहतो की शाळेचं घर कुणाचं. शाळा बदलली तर तुमचं, नाही बदलली तर बहुधा त्यांचं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तुम्ही जाण्याआधी कुणीतरी सांगायला हवं. मुलगा अजून लहान आहे, त्याची शाळा सहज बदलेल. मुलीची बदलताना नीट विचार लागेल, आणि दोघांना वेगवेगळ्या घरी ठेवायचा विचार तर मनातूनच काढा. तो तोडगा म्हणून कुणीतरी नक्की सुचवेल.

मुलं एकाच घरात राहतात आणि आईवडील आळीपाळीने तिथे येऊन राहतात, अशीही एक पद्धत आहे. त्याला तीन घरांचा खर्च लागतो, आणि फ्रीज कोणी रिकामा केला यावरून जुनीच भांडणं नव्याने होतात. काही महिन्यांपुरतं ठीक, तुमच्यासाठी नाही.

जे ठरेल ते कागदावर आणा. त्यात अंतर मिनिटांत लिहा, सकाळच्या वेळेचं. पुढे कुणालाही त्या मर्यादेबाहेर जायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं ते लिहा, मी नव्वद सुचवते. जो लांब जाईल त्याने ने-आण करायची की अर्धी-अर्धी, तेही. देणंघेणं शक्यतो शाळेतून होऊ द्या: सकाळी एकाने सोडायचं, दुपारी दुसऱ्याने घ्यायचं. आणि वर्षभराने पुन्हा बसायची तारीख घाला, कारण पाच वर्षांच्या मुलासाठी केलेली व्यवस्था सातव्या वर्षी तोकडी पडते.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, तरी विचारणं माझं कर्तव्य आहे. तुमच्या दूर जाण्यामागे भीती असेल, मारहाण, पाठलाग, धमक्या, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तिथे अंतर म्हणजेच सुरक्षितता असते, पत्ता कळवायचा की नाही हाच पहिला प्रश्न असतो, आणि मध्यस्थाच्या आधी वकील आणि संरक्षणाची व्यवस्था लागते.

राहिला मुलीला सांगण्याचा प्रश्न. आत्ता नको. तिला आज सांगितलं तर ती आजच बाबांना सांगेल, आणि नऊ वर्षांच्या मुलीवर निरोप्याचं काम येईल. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात बाराव्या कलमाने मुलांना स्वतःचं मत मांडायचा हक्क दिला आहे, आणि तिचं मत घ्याच, पण "कुणाकडे राहशील?" असं विचारून नव्हे. "सकाळी तुला सगळ्यात जास्त घाई कशाची होते?" असं विचारा, पुष्कळ कळतं. निर्णय पक्का झाल्यावर दोघांनी एकत्र बसून सांगा, घर बदलण्याच्या दोन-तीन आठवडे आधी, आणि तोवर तिच्या बारीकसारीक गोष्टींची उत्तरं तयार ठेवा. आईबाबा का वेगळे झाले हे मुलं त्या क्षणी सहसा विचारत नाहीत. ती विचारेल, माझी सायकल कुठल्या घरी राहणार?